तुर्भ्याची भट्टी, वालचंदनगरचे दाते, जालहळ्ळीचे कान

२६ जुलै २००९. कारगिल विजयाला त्या दिवशी दहा वर्षं पूर्ण झाली होती. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी केंद्रात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी पाणबुडीच्या अंगावर नारळ फोडला आणि 'अरिहंत'चं जलावतरण झालं. लांबी सुमारे ११० मीटर, रुंदी ११ मीटर, वजन सहा हजार टनांच्या घरात. स्वबळावर अण्वस्त्रवाहू अणुपाणबुडी बांधणाऱ्या अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन या पाच देशांच्या पंगतीत भारत सहावा येऊन बसला.

पण त्या दिवशी अरिहंतची अणुभट्टी थंड होती. ती सुरू व्हायला ऑगस्ट २०१३ उजाडला. समुद्रातल्या चाचण्या डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाल्या, ऑगस्ट २०१६ मध्ये ती गाजावाजा न करता नौदलात दाखल झाली आणि प्रतिबंधात्मक गस्तीची पहिली फेरी पूर्ण झाल्याची घोषणा ५ नोव्हेंबर २०१८ रोजी झाली. जलावतरणापासून गस्तीपर्यंत नऊ वर्षं लागली आणि त्याआधी तीन दशकांहून अधिक काळ तयारीत गेला होता. या दिरंगाईची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. एवढा वेळ कशात गेला, हे समजून घ्यायचं तर विशाखापट्टणमच्या गोदीतून बाहेर पडून मुंबई, कल्पाक्कम, म्हैसूर, बेंगळुरू आणि पुणे जिल्ह्यातलं वालचंदनगर अशी वाट धरावी लागते. अणुपाणबुडी एका गोदीत जोडली जाते, पण घडते देशभरात. देशाच्या कारागिरीचा इतका कठोर कस लावणारं दुसरं यंत्र क्वचितच असेल.

पाण्याखाली श्वास कुठून आणायचा?

साधी पाणबुडी डिझेल आणि बॅटरीवर चालते. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली असताना ती बॅटरीवर धावते. संथ चालली तर बॅटरी काही दिवस पुरते, जोरात पळाली तर काही तासांतच संपते. मग पृष्ठभागाजवळ येऊन हवा घेणारी नळी वर काढायची, इंजिन सुरू करायचं, बॅटरी भरायची. शत्रूची विमानं आणि जहाजं नेमकी याच क्षणाची वाट बघत असतात. नळीचं टोक रडारवर दिसतं, इंजिनाचा आवाज दूरवर ऐकू जातो.

अणुभट्टीला हवा लागत नाही. युरेनियमच्या विखंडनातून उष्णता निघते, उष्णतेतून वाफ आणि वाफेवर टर्बाइन. टर्बाइनपासून मिळणाऱ्या विजेवर समुद्राच्या पाण्यातून पिण्याचं पाणी आणि श्वासासाठी ऑक्सिजन तयार करता येतो. मग पाण्याखाली किती दिवस राहायचं हे शिधा आणि माणसांची सहनशक्ती ठरवते, इंधन नाही. अमेरिकेची 'नॉटिलस' जानेवारी १९५५ मध्ये अणुशक्तीवर समुद्रात निघाली आणि ऑगस्ट १९५८ मध्ये बर्फाखालून थेट उत्तर ध्रुवावर पोहोचली. जुलै १९६० मध्ये 'जॉर्ज वॉशिंग्टन' या पाणबुडीने पाण्याखालून पोलारिस क्षेपणास्त्र सोडलं आणि दीर्घकाळ लपून राहण्याच्या या क्षमतेला अण्वस्त्राची जोड मिळाली.

दुसऱ्या वाराची हमी

मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारताने अण्वस्त्रांबाबतचं धोरण आखलं आणि जानेवारी २००३ मध्ये त्याचा गाभा जाहीर केला: आपण अण्वस्त्राचा पहिला वापर करणार नाही, पण आपल्यावर वापर झाला तर प्रत्युत्तर अतिशय जबर असेल.

असा शब्द देणाऱ्या देशापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. पहिला घाव सोसायचाच असेल, तर त्यातून वाचलेलं काय असणार? विमानतळांची जागा शत्रूला ठाऊक असते. जमिनीवरची क्षेपणास्त्रं हलवता येतात, पण उपग्रह वरून पाहत असतात. समुद्राच्या पोटात मात्र उपग्रहाची नजर पोहोचत नाही. बंगालच्या उपसागरात पाण्याखाली कुठेतरी एक पाणबुडी आहे आणि ती नेमकी कुठे आहे हे आपल्याला माहीत नाही, एवढी जाणीव शत्रूच्या मनात कायम राहिली की पहिला घाव घालण्याचा हिशेबच कोलमडतो. शस्त्र न वापरता त्याचा वचक राहतो. 'प्रथम वापर नाही' हा शब्द विश्वासाने पाळता यावा, म्हणून ही पाणबुडी लागते.

या हमीचा पाया शांततेचा आहे. आवाज करणारी अणुपाणबुडी सापडते, आणि सापडणारी पाणबुडी वचक ठेवू शकत नाही. पुढचा सगळा खटाटोप या एका अटीभोवती फिरतो.

हजारो सांधे

डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्ध सुरू असताना अमेरिकेने 'एंटरप्राइज' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. याच पार्श्वभूमीवर त्या दशकात मुंबईतल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पाणबुडीसाठीच्या अणुभट्टीवर विचार आणि आराखडे सुरू झाले. १९८० च्या दशकात प्रकल्पाला 'प्रगत तंत्रज्ञान जहाज', म्हणजे एटीव्ही, असं निरुपद्रवी नाव मिळालं आणि नौदल, अणुऊर्जा विभाग व संरक्षण संशोधन आणि विकास संघटना (डीआरडीओ) एका छताखाली आले. व्हाइस अॅडमिरल मिहिर रॉय यांनी त्याची धुरा सुरुवातीला वाहिली.

अणुपाणबुडी चालवायची कशी, हे शिकण्यासाठी भारताने जानेवारी १९८८ मध्ये सोव्हिएत संघाकडून एक पाणबुडी तीन वर्षांच्या भाडेकरारावर घेतली. 'आयएनएस चक्र' हे तिचं नाव. भारतीय अधिकारी आणि नौसैनिकांनी अणुभट्टीच्या सोबतीने राहण्याची शिस्त तिच्यावर आत्मसात केली. पुढे २०१२ मध्ये रशियाकडून दुसरी 'चक्र' आली आणि २०२१ पर्यंत राहिली. रशियाचं साहाय्य मोलाचं होतं, आणि अरिहंतच्या जलावतरणाच्या समारंभात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी रशियन मित्रांचे जाहीर आभारही मानले. मात्र चालवायला शिकणं आणि बांधायला शिकणं यांत फार मोठं अंतर आहे.

ते अंतर किती जीवघेणं असू शकतं, हे अमेरिकेने १० एप्रिल १९६३ रोजी पाहिलं. 'थ्रेशर' ही नवी अणुपाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत बुडाली आणि १२९ जण गेले. चौकशीचा रोख समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या एका निकामी झालेल्या सांध्याकडे गेला. आत शिरलेल्या पाण्याने विजेची यंत्रणा बिघडली, अणुभट्टी बंद पडली आणि पाणबुडीला वर येता आलं नाही. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. तीनशे मीटरवर नखाएवढ्या जागेवर तीस किलोंचा भार असतो. तिथे जोडाईतली कसर माफ होत नाही. त्यानंतर अमेरिकेने प्रत्येक सांध्याची, प्रत्येक झडपेची तपासणी आणि नोंद सक्तीची केली. पाणबुडी बांधणाऱ्या प्रत्येक देशाला ही शिस्त अंगी बाणवावी लागते आणि ती कोणी भाड्याने देत नाही.

भट्टी

१९८० च्या दशकात भारताला अणुभट्ट्या नवीन नव्हत्या. पण रावतभाटा किंवा कल्पाक्कमच्या वीजकेंद्रातल्या भट्ट्या जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियम वापरणाऱ्या. त्या आकाराने अवाढव्य. अकरा मीटर रुंदीच्या नळकांड्यात बसणारी भट्टी हवी तर इंधन अधिक समृद्ध हवं आणि रचना वेगळी हवी: साधं पाणी प्रचंड दाबाखाली ठेवून तीनशे अंशांच्या आसपास तापलं तरी उकळू द्यायचं नाही, ते इंधनाभोवती फिरवायचं आणि त्याची उष्णता दुसऱ्या चक्रातल्या पाण्याला देऊन तिथे वाफ करायची. अशी भट्टी आपल्याकडे कुणी बांधलेली नव्हती.

वीजकेंद्राची भट्टी खडकावर पाय रोवून दिवसेंदिवस एकाच लयीत चालते. पाणबुडीतली भट्टी डोलते, कलते, हादरे खाते. कप्तानाने वेग मागितला की तिला काही क्षणांत शक्ती वाढवावी लागते, थांब म्हटलं की उतरवावी लागते. आणि बंद केली तरी ती निवत नाही. विखंडन थांबल्यावरही आतले किरणोत्सारी अवशेष उष्णता देत राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. अरिहंतची भट्टी ८३ मेगावॅट उष्णतेची. म्हणजे 'बंद' भट्टीतही पहिल्या क्षणी पाच मेगावॅटच्या वर उष्णता शिल्लक राहते. तासातासाने ती घटते, पण ती बाहेर काढणारं पाणी एक क्षणही थांबून चालत नाही. पंप, झडपा, नळ्या, राखीव वीज यांच्या रचनेत सगळी बुद्धी लागते ती इथे.

म्हणून समुद्रात जाण्याआधी ही भट्टी जमिनीवर बांधायची ठरली. चेन्नईजवळच्या कल्पाक्कमला पाणबुडीच्या मागच्या भागासारखी रचना जमिनीवर उभी राहिली आणि तिच्यात भट्टी, वाफ-जनित्रं, टर्बाइन हे सगळं बसवलं गेलं. ११ नोव्हेंबर २००३ रोजी या भट्टीत साखळी-प्रक्रिया सुरू झाली आणि सप्टेंबर २००६ मध्ये ती पूर्ण शक्तीने चालली. तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर. भाभा केंद्रात १९६४ पासून घडलेले हे अभियंते आधी त्याच केंद्राचे संचालक होते. कल्पाक्कमच्या प्रकल्पाचं नेतृत्व डॉ. शेखर बसू यांच्याकडे होतं. ही भट्टी देशाला अधिकृतपणे दाखवली गेली ती अरिहंतच्या जलावतरणानंतर, ऑगस्ट २००९ मध्ये. अरिहंतचे नौसैनिक शिकले तेही याच भट्टीवर.

इंधनाचा धागा कर्नाटकात येतो. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनाला उपयोगी असा २३५ वजनाचा अणू शंभरात एकही भरत नाही; त्याचं प्रमाण ०.७ टक्के. उरलेले २३८ वजनाचे. दोघांचे रासायनिक गुण सारखे, वजनात तेवढा तीन एककांचा फरक. हा फरक पकडण्यासाठी युरेनियमचा वायू प्रचंड वेगाने फिरणाऱ्या नळकांड्यांतून एकामागून एक पाठवावा लागतो. प्रत्येक फेरीत हलका अणू तसूभर वाढतो. ही नळकांडी तोल न ढळता वर्षानुवर्षं फिरत राहावी लागतात. युरेनियम समृद्ध करण्यात यश आल्याचं १९८६ मध्ये जाहीर केलं ते अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. राजा रामण्णा यांनी. तुमकूरला जन्मलेले, बेंगळुरूत वाढलेले आणि निवृत्तीनंतर याच शहरात राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था उभारणारे हे शास्त्रज्ञ. नव्वदच्या दशकापासून हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं ते म्हैसूरजवळच्या रत्नहळ्ळीत.

दाते

वाफेवर फिरणारी टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते. पंखा तेवढ्या वेगाने फिरवला तर त्याच्याभोवती पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि मैलोगणती ऐकू जाणारा कल्लोळ होतो. म्हणून टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये वेग उतरवणारी दातेरी चाकांची पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, बसवावी लागते. प्रचंड ताकद तिच्यातून जाते आणि तीही आवाज न करता जायला हवी.

गिअरच्या एका दात्याचं बघा. त्याच्या पृष्ठभागाचा वक्र ठरलेल्या आकारापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी इतका जरी ढळला, तरी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो दाता जोडीदाराला किंचित वेगळा भिडतो. हा धक्का दर फेऱ्याला ठरल्या वेळी येतो, म्हणून त्याचा एक स्थिर स्वर तयार होतो. समुद्र स्वतः गोंगाटाचा आहे: लाटा, पाऊस, कोळंब्यांची कटकट. त्या गोंगाटात अनियमित आवाज विरून जातो, पण स्थिर स्वर संगणक वेगळा काढू शकतो आणि त्यावरून पाणबुडी ओळखतोही. म्हणून दाते कापायचे, कडक करायचे, पुन्हा घासायचे, जोडी लावून भाराखाली तपासायची आणि मग सगळी पेटी रबरी आधारांवर ठेवायची, म्हणजे तिची थरथर कवचापर्यंत पोहोचत नाही.

हे काम पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, उसाच्या मळ्यांच्या मधोमध वसलेल्या वालचंदनगरात झालं. वालचंदनगर इंडस्ट्रीज हा मुळात साखर कारखान्याभोवती वाढलेला उद्योग. साखर कारखान्याची यंत्रं बनवता बनवता त्याने जहाजांचे गिअर, अणुवीजकेंद्रांचे भाग आणि रॉकेटची कवचं घडवण्यापर्यंत मजल मारली. त्याचे संस्थापक सोलापूरचे वालचंद हिराचंद. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभारली तीही याच गृहस्थाने, आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाज कारखान्याची पायाभरणी झाली तीही त्यांच्याच सिंदिया कंपनीची. पारतंत्र्यात विमान, जहाज आणि अवजड यंत्रं इथे व्हायला हवीत असा ध्यास घेतलेल्या माणसाचं १९५३ मध्ये निधन झालं. त्यांनी रुजवलेल्या कारखानदारीच्या वाटा अर्ध्या शतकानंतर अरिहंतपाशी येऊन मिळतात, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावं.

पाणबुडीच्या कवचाचे अजस्र भाग लार्सन अँड टुब्रोने गुजरातेतल्या हाजिऱ्याला घडवले. ते समुद्रमार्गे विशाखापट्टणमला नेऊन जोडले गेले.

कान

पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही आणि रडारच्या लहरी लगेच विरतात. ध्वनी मात्र हवेपेक्षा चारपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. म्हणून पाणबुडीचं सगळं जग कानांवर चालतं. स्वतः आवाज करून प्रतिध्वनी ऐकायचा, तर आपली जागा उघड होते. गस्तीवरची पाणबुडी बहुतेक वेळ फक्त ऐकते. शेकडो ध्वनिग्राहक एकाच वेळी ऐकतात आणि प्रत्येकापर्यंत ध्वनी पोहोचायला लागलेल्या वेळेतल्या सूक्ष्म फरकावरून दिशा काढली जाते.

या सोनार यंत्रणांचं संशोधन कोचीतल्या डीआरडीओच्या नौदल भौतिकी व सागरविज्ञान प्रयोगशाळेत होतं, आणि उत्पादन भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये. १९५४ मध्ये बेंगळुरूच्या जालहळ्ळीत सुरू झालेला हा सरकारी कारखाना सुरुवातीला सैन्याचे बिनतारी संच बनवायचा. भारतीय पाणबुड्यांसाठीची 'उषस' ही सोनार यंत्रणा याच कंपनीची. बेंगळुरू म्हटलं की आज सॉफ्टवेअर आठवतं, पण या शहराच्या हाताला इलेक्ट्रॉनिक्सची सवय आहे ती त्याच्या कितीतरी आधीपासून.

खोल पाण्यातल्या पाणबुडीला दिल्लीचा आदेश पोहोचवणं हीसुद्धा एक विद्याच आहे. नेहमीच्या रेडिओलहरी पाण्यात शिरत नाहीत. अतिशय कमी वारंवारतेच्या लांब लहरी काही मीटरपर्यंत जातात. त्यांच्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ 'आयएनएस कट्टबोम्मन' या तळावर उंचच उंच मनोरे उभे आहेत.

क्षेपणास्त्र आणि पुढच्या बहिणी

अरिहंतच्या पाठीत चार उभ्या नळ्या आहेत. क्षेपणास्त्राचं इंजिन पाण्याखाली पेटवत नाहीत. वायूच्या दाबाने ते नळीबाहेर फेकलं जातं आणि पाण्याबाहेर आलं की इंजिन पेटतं. कित्येक टनांचं ओझं एका क्षणात गेल्याने पाणबुडी हलकी होऊन वर उसळू नये, म्हणून तेवढंच पाणी लगोलग आत घ्यावं लागतं. ही विद्या आधी विशाखापट्टणमच्या समुद्रात बुडवलेल्या तराफ्यावरून साध्य केली गेली. सुमारे ७५० किलोमीटर पल्ल्याचं 'के-१५' २०१३ मध्ये तिथेच पक्कं झालं. असं क्षेपणास्त्र एका नळीत तीन याप्रमाणे बारा मावतात. पण ७५० किलोमीटरचा पल्ला म्हणजे शत्रूच्या किनाऱ्याच्या फार जवळ जाणं आलं. म्हणून सुमारे ३,५०० किलोमीटर पल्ल्याचं 'के-४' विकसित झालं.

२९ ऑगस्ट २०२४ रोजी दुसरी पाणबुडी 'अरिघात' नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्यावरून 'के-४' ची चाचणी झाली. या वर्गातल्या पुढच्या पाणबुड्या अधिक लांब आहेत, त्यांच्यात नळ्याही जास्त आहेत. वचक अखंड ठेवायचा तर एक पाणबुडी पुरत नाही: एक गस्तीवर, एक परतीच्या किंवा जाण्याच्या वाटेवर, एक दुरुस्तीला. म्हणून तीन-चार असल्या, तरच एक सदैव पाण्याखाली राहू शकते.

हातातली विद्या

मुंबईतच घडलेल्या एका गोष्टीची आठवण इथे ठेवायला हवी. १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीशी पाणबुड्यांचा करार झाला आणि माझगाव गोदीने 'शल्की' १९९२ मध्ये व 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलाला बांधून दिली. पाणबुडीचं कवच जोडणारे वेल्डर तिथे तयार झाले. मग पुढचं काम आलंच नाही. हात पांगले, काहींनी निवृत्ती घेतली, यंत्रं निष्क्रिय राहिली. २००५ मध्ये फ्रान्सशी स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा बरंच काही पुन्हा मुळापासून शिकावं लागलं, आणि पहिली 'कलवरी' नौदलात आली ती डिसेंबर २०१७ मध्ये. दात्याचा वक्र जाणणारा कारागीर, सांध्यातला दोष एक्स-रे चित्रात अचूक हेरणारा तपासनीस, हजार स्वरांतून एक स्वर वेगळा काढणारा अभियंता घडायला वीस वर्षं लागतात आणि काम थांबलं की तो पाच वर्षांत हातचा जातो.

अरिहंतच्या मार्गावर ही चूक झालेली नाही, ही या प्रकल्पाची सर्वांत मोठी मिळकत. पहिलीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी अशी कामाची साखळी चालू राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्षेपणास्त्रवाहू नसलेल्या, शिकारी प्रकारच्या दोन अणुपाणबुड्यांनाही मंजुरी दिली. म्हणजे तुर्भ्याच्या आणि वालचंदनगरच्या पुढच्या पिढीला काम आहे. अरिहंत आणि तिच्या बहिणींवरची क्षेपणास्त्रं कधीही वापरावी लागू नयेत, अशीच प्रत्येकाची इच्छा असणार आणि असावी. त्यासाठी लागणारा वचक मात्र आपल्या कारखान्यांतल्या माणसांच्या हातातल्या विद्येवर उभा आहे. संरक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलताना आपण क्षेपणास्त्रांचा पल्ला आणि पाणबुड्यांची संख्या मोजतो. तितक्याच आस्थेने हेही विचारायला हवं की ही विद्या जाणणाऱ्या हातांना पुढची दहा वर्षं सलग काम आहे का, आणि त्यांच्या शेजारी शिकायला कोणी तरुण उभा आहे का.